चर्चा की शंकानिरसन? : मानव्यविद्यांच्या आंतरजालीय अध्यापनाची एक चिकित्सा

विद्यापीठीय शिक्षणात आंतरजालाचा उपयोग करावा की करू नये, हा वाद आता संपल्यासारखा आहे. उपयोग होतो आहे आणि होत राहणार आहे. परंतु कोणत्या विषयासाठी, कोणत्या रीतीने आणि कोणाच्या हितासाठी, हे प्रश्न मात्र संपलेले नाहीत. विशेषतः भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांसारख्या विषयांचे अध्यापन आंतरजालावरील लेखी चर्चागटांच्या द्वारे करण्याची जी पद्धत गेल्या चार दशकांत रूढ होत गेली, तिची चिकित्सा मराठीत फारशी झालेली नाही. तिचे समर्थक तिला ज्ञानाच्या लोकशाहीकरणाचे साधन म्हणतात. विरोधक तिला शिक्षणाचा आभास म्हणतात. आमच्या मते दोन्ही पक्ष एका मूलभूत गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. मानव्यविद्यांमध्ये चर्चा ही अध्यापनाला जोडलेली पुरवणी नसून ते अध्यापनच आहे, ही ती गोष्ट होय. प्रस्तुत लेखात याच निकषावर या पद्धतीचे गुणदोष तपासण्याचा आमचा प्रयत्न आहे.

सेमिनारचे स्वरूप

गणितातील सिद्धान्त एकदा समजला की त्यावर मतभेदास फारसा वाव उरत नाही. एखाद्या प्राचीन ग्रंथातील उताऱ्याचे तसे नसते. पाठ कोणता स्वीकारावा, शब्दाचा अर्थ त्या काळी काय असावा, टीकाकाराचे स्पष्टीकरण मूळ वचनास धरून आहे की त्याच्या स्वतःच्या संप्रदायास धरून आहे, अशा प्रश्नांची उत्तरे केवळ पाठ करून चालत नाही. ती मांडावी लागतात, त्यांवरील आक्षेप ऐकावे लागतात आणि प्रसंगी ती मागे घ्यावी लागतात. जर्मन विद्यापीठांत एकोणिसाव्या शतकात वाढलेली आणि पुढे अमेरिकेत रुजलेली सेमिनारची पद्धत या गरजेतून निर्माण झाली. विद्यार्थ्याने निबंध लिहावयाचा, तो सहाध्यायी व अध्यापक यांच्यासमोर वाचावयाचा आणि त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यावयाचे, हा तिचा गाभा.

या पद्धतीचे सामर्थ्य आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवरील आपला निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्येच वाचला आणि १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याचे विवेचन गांभीर्याने ऐकून घेणारी सभा विद्यापीठात असणे, ही किती मोलाची गोष्ट आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे. तेव्हा आंतरजालीय चर्चागटाची कसोटी हीच की, अशी सभा तो निर्माण करू शकतो किंवा नाही.

आरंभीचे प्रयोग

या पद्धतीचा आरंभ सामान्यतः समजतात त्याहून जुना आहे. न्यू जर्सी येथे मरे टुरॉफ यांनी १९७० च्या दशकात संगणकाद्वारे लेखी परिषद चालविण्याची एक यंत्रणा उभी केली. तिच्या आधारे स्टार रॉक्सॅन हिल्ट्झ या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८० च्या दशकात महाविद्यालयीन वर्ग चालविले. त्यांत समाजशास्त्राचाही वर्ग होता. १९८८ मध्ये ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने हजाराहून अधिक विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासक्रमात संगणकीय चर्चेचा अवलंब केला. पुढे १९९४ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठातील अभिजात भाषांचे प्राध्यापक जेम्स ओडॉनेल यांनी संत ऑगस्टीन यांच्या ग्रंथांवरील आपला सेमिनार आंतरजालावर खुला केला आणि तो सुमारे ५०० जणांपर्यंत पोहोचला.

हे शेवटचे उदाहरण पालीसारख्या भाषेच्या अभ्यासकास विशेष जवळचे वाटेल. ज्या भाषांचे विद्यार्थी एका गावात पाच-सात सुद्धा मिळत नाहीत, त्यांच्यासाठी दूरदूरच्या वाचकांना एका ग्रंथाभोवती बसविणे ही साधी सोय नव्हे; विषय जिवंत राहण्याचा तो एक मार्ग आहे. शिवाय लेखी चर्चेचे दोन गुण निर्विवाद आहेत. पहिला गुण अवकाशाचा. वर्गात प्रश्न विचारताच उत्तर द्यावे लागते. तेथे हजरजबाबी विद्यार्थी पुढे जातो. लेखी चर्चेत विद्यार्थी ग्रंथ उघडून, कोश पाहून, दोन दिवसांनी लिहू शकतो. दुसरा गुण नोंदीचा. वर्गातील बोलणे हवेत विरते. येथे प्रत्येक विधान लिहिलेले राहते आणि महिन्याभरानंतरही त्याचा जाब विचारता येतो. ग्रंथाधारित विद्यांना हे दोन्ही गुण पोषक आहेत.

संशोधन काय सांगते

गुण असले म्हणजे फळ मिळतेच असे नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तीन अभ्यासकांनी २००० साली या पद्धतीसाठी एक सैद्धान्तिक चौकट मांडली. तीत विचारप्रक्रियेच्या चार अवस्था कल्पिल्या आहेत : प्रश्नाची जाणीव, शोध, संश्लेषण आणि निर्णय. २००१ साली त्यांनी प्रत्यक्ष चर्चांतील संदेशांची या अवस्थांनुसार वर्गवारी केली. प्रश्न उपस्थित करणारे संदेश ८ टक्के, शोधाच्या अवस्थेतील ४२ टक्के, संश्लेषणाचे १३ टक्के आणि निर्णयाप्रत पोहोचलेले केवळ ४ टक्के आढळले. उरलेले संदेश या चारांपैकी कोठेही बसले नाहीत. नमुना लहान होता, हे खरे. तथापि ज्याने असा वर्ग चालविला आहे, त्यास हे चित्र ओळखीचे वाटेल. प्रत्येक जण आपापले मत मांडतो, 'मीही सहमत आहे' असे लिहितो आणि चर्चा तेथेच थांबते. मतांची रास पडते, परंतु मतांची परस्परांशी गाठ पडत नाही.

याचे कारण माध्यमात आहे की मांडणीत? त्या अभ्यासकांनी दोन्ही शक्यता विचारात घेतल्या होत्या. आमचा कल दुसऱ्या कारणाकडे आहे आणि त्यासाठी आम्ही पाली वाङ्मयातील एका विवेचनाचा आधार घेऊ इच्छितो. अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात प्रश्नांचे त्यांच्या उत्तराच्या रीतीनुसार चार प्रकार केले आहेत. काहींचे उत्तर सरळ एका वाक्यात द्यावयाचे, ते एकंसब्याकरणीय. काहींचे विभाग पाडून द्यावयाचे, ते विभज्जब्याकरणीय. काहींना प्रतिप्रश्न करून उत्तर द्यावयाचे, ते पटिपुच्छाब्याकरणीय. आणि काही बाजूला ठेवावयाचे, ते ठपनीय. चारही प्रकार ओळखता येणे हे तेथे कौशल्य मानले आहे.

आंतरजालीय वर्गातील बहुतेक प्रश्न या दृष्टीने पाहिले तर दोष कोठे आहे ते कळते. 'या धड्याविषयी आपले मत लिहा' हा प्रश्न चारांपैकी कोणत्याच प्रकारात धड बसत नाही. त्याला उत्तर देता येते, परंतु त्या उत्तरावर पुढे काही करता येत नाही. याउलट 'अमुक शब्दाचा टीकाकाराने दिलेला अर्थ घेतला, तर याच ग्रंथातील अमुक उताऱ्याशी त्याचा विरोध येतो काय?' असा प्रश्न घातला, तर विद्यार्थ्यास विभाग पाडावे लागतात आणि दुसऱ्याच्या उत्तरास प्रतिप्रश्न करता येतो. मात्र असा प्रश्न घालण्यास अध्यापकाला ग्रंथ अवगत असावा लागतो आणि उत्तरे आल्यावर पुनःपुन्हा परत यावे लागते. हे काम यंत्र करीत नाही. हिल्ट्झ यांचा १९९४ चा ग्रंथही हेच दर्शवितो : अध्यापकाने परिश्रम केले आणि विद्यार्थी मुळातच प्रवृत्त व शिस्तबद्ध असले, तेथे निष्पत्ती चांगली, जेथे तयारी कच्ची, तेथे विद्यार्थी मागे पडतो. अर्थात, ज्यास साहाय्याची गरज अधिक, त्यासच ही पद्धत आपोआप साहाय्य करीत नाही.

समतेचा दावा

येथे दुसऱ्या दाव्याकडे वळू. आंतरजालावर चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. म्हणून तेथे सर्व समान, असे म्हटले जाते. ज्यांना वर्गात मागच्या बाकावर बसविले गेले, त्यांना हे आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भाषाशास्त्रज्ञ सुसान हेरिंग यांनी १९९३ सालीच दोन विद्वत्-चर्चागटांचा अभ्यास करून दाखविले की, तेथे थोडे पुरुष बहुतेक जागा व्यापतात. त्यांचे संदेश दीर्घ असतात आणि भाषा आक्रमक असते. हे गट विद्यार्थ्यांचे नव्हते, सुशिक्षित संशोधकांचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे निष्कर्षाचे गांभीर्य वाढते. चेहरा दिसला नाही तरी नाव दिसते. आपल्याकडे नावाबरोबर आडनाव दिसते आणि आडनावावरून काय काय ओळखले जाते, हे सांगणे नको. लिहिण्याची ढब, प्रमाणभाषेवरील पकड, इंग्रजीची सवय या गोष्टी तर चेहऱ्याहूनही अधिक बोलतात. म्हणून लेखी चर्चेत समता आपोआप येते, हे मत आम्हांस मान्य नाही. ती आणावी लागते. सर्वांनी एक-एकदा लिहिल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा लिहू नये, इतका साधा नियमही पुष्कळ काम करतो. पण तो कोणीतरी पाळून घ्यावा लागतो.

दोन प्रकारची विद्यापीठे?

या प्रश्नाची सर्वांत गंभीर बाजू २०१३ साली अमेरिकेत पुढे आली. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांचा 'न्याय' या विषयावरील प्रसिद्ध अभ्यासक्रम ध्वनिचित्रित स्वरूपात कॅलिफोर्नियातील सॅन होसे राज्य विद्यापीठात वापरावा, असा प्रस्ताव होता. तेथील तत्त्वज्ञान विभागाने तो नाकारला आणि २९ एप्रिल २०१३ रोजी सँडेल यांना खुले पत्र लिहून आपली कारणे सांगितली. त्यांचा मुख्य आक्षेप तंत्रज्ञानावर नव्हता. श्रीमंत विद्यापीठातील विद्यार्थी स्वतःच्या प्राध्यापकाशी न्यायाविषयी चर्चा करणार आणि सामान्य विद्यापीठातील विद्यार्थी ती चर्चा पडद्यावर पाहणार, अशी दोन प्रकारची विद्यापीठे यातून निर्माण होतील, हा त्यांचा मुद्दा होता. आपला अभ्यासक्रम अन्यत्रच्या अध्यापकांचे स्थान दुर्बल करण्यास वापरला जावा, अशी आपली इच्छा नाही, असे सँडेल यांनीही स्पष्ट केले.

हा आक्षेप आम्हांस अत्यंत महत्त्वाचा वाटतो. न्याय म्हणजे काय, हे दुसऱ्यांचा संवाद पाहून शिकणे आणि स्वतः संवाद करून शिकणे यांत प्रेक्षक आणि सहभागी यांच्याइतके अंतर आहे. ज्यांच्या वाडवडिलांना शतकानुशतके केवळ श्रोते म्हणूनसुद्धा उभे राहू दिले गेले नाही, त्यांच्या मुलांना विद्यापीठात आणून पुन्हा प्रेक्षकच करावयाचे काय?

आपली स्थिती

भारतात केंद्र शासनाने २०१७ साली 'स्वयं' हे आंतरजालीय व्यासपीठ सुरू केले. त्यातील प्रत्येक अभ्यासक्रमाची रचना चार अंगांची आहे : ध्वनिचित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चेचे व्यासपीठ. चर्चेला चार अंगांत स्थान दिले, हे स्वागतार्ह आहे. परंतु या चौथ्या अंगाचे प्रयोजन शंकानिरसन असे सांगितले आहे. आमचे मूलभूत मतभेदाचे स्थळ हेच. शंकानिरसनात उत्तर एकाजवळ असते आणि दुसरा ते मागतो. तो एकंसब्याकरणीय प्रश्नांचा व्यवहार होय. चर्चेत उत्तर अद्याप कोणाजवळही पुरते नसते. यंत्रशास्त्राच्या अभ्यासक्रमास शंकानिरसन कदाचित पुरेल. इतिहासाच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमास ते पुरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयं'द्वारे पूर्ण करण्याची मुभा दिली. त्यामुळे हा भेद आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

साधनांचा प्रश्नही आहेच. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीनुसार आंतरजालाची सोय असलेली कुटुंबे ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के होती. संगणक असलेली कुटुंबे ग्रामीण भागात ४ टक्क्यांच्या आसपास. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि वर्ग एकाएकी भ्रमणध्वनीवर आले, तेव्हा या आकड्यांचा अर्थ देशास कळला. त्यानंतर भ्रमणध्वनी पुष्कळ पसरला. परंतु घरात एकच भ्रमणध्वनी असणे आणि एखाद्या उताऱ्यावर दोन पाने विचारपूर्वक लिहिण्याजोगी निवांत जागा असणे, यांत फरक आहे.

उपसंहार

या विवेचनाचा अर्थ आंतरजालीय चर्चागट टाकून द्यावेत, असा नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या अटींवर ते खरी सभा बनतात, त्या अटी पाळल्या जाव्यात. गट पंधरा-वीस जणांहून मोठा नसावा. चर्चेचा विषय व्यापक मत नसून समोर ठेवलेला एक उतारा असावा. विद्यार्थ्यास मराठीत लिहिण्याची पूर्ण मुभा असावी आणि शुद्धलेखनावरून त्याच्या विचाराची किंमत ठरू नये. संदेशांच्या संख्येवर गुण देऊ नयेत. तसे केल्यास विद्यार्थी संदेश लिहितो, विचार करीत नाही. दुसऱ्याच्या युक्तिवादास दिलेल्या उत्तरावर गुण द्यावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या कामासाठी अध्यापकाचा वेळ त्याच्या कार्यभारात मोजला जावा. चर्चागटामुळे अध्यापकांची पदे कमी करता येतील, या हिशेबाने तो सुरू करू नये.

एखादा आंतरजालीय अभ्यासक्रम आपल्या विहारात, संस्थेत किंवा महाविद्यालयात स्वीकारावा काय, असा प्रश्न पुढे आल्यास सुज्ञ वाचकांनी त्याच्या चालकांना एवढेच विचारावे : येथे आमच्या विद्यार्थ्याने लिहिलेले कोण वाचणार आणि त्यास कोण उत्तर देणार? याचे उत्तर एका माणसाच्या नावाने मिळत असेल, तर तो अभ्यासक्रम विचारात घेण्यास हरकत नाही. तसे उत्तर मिळत नसेल, तर अभ्यासक्रम कितीही नामांकित विद्यापीठाचा असो, मानव्यविद्यांच्या शिक्षणासाठी तो अपुरा आहे, असेच आम्ही म्हणू.