अर्धवटराव : भ्रम आणि भ्रमकार एकाच चौकटीत

डोंबिवलीतील आमच्या शाळेत सातवीच्या मुलांना आम्ही अर्धवटरावाच्या कार्यक्रमाचे जुने चित्रण दाखवले. ते संपल्यावर एका मुलीने विचारले, “अर्धवटराव रागावला की काय करतो?” आणि लगेच दुसरा प्रश्न, “ते काका ओठ न हलवता बोलतात कसे?” बाहुला खोटा आहे हे तिला पक्के ठाऊक होते, तरी त्याच्या रागाची तिला काळजी होती. अर्धवटरावाच्या दीर्घ कारकिर्दीचे मर्म या दोन प्रश्नांच्या जोडीत आहे, असे आम्हाला वाटते.

यशवंत केशव पाध्ये यांनी हा बाहुला रंगमंचावर आणला. त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी १९६७ पासून त्याला हाती घेतले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चाळींतून, ज्याच्या घरी संच असेल त्याच्या दारात बसून, मुलांनी अर्धवटराव पाहिला.

शब्दभ्रमाच्या कलेला दूरदर्शन सोयीचे होते की अडचणीचे? दोन्ही. ठाण्याच्या गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात मागच्या रांगेतून कलावंताचे ओठ दिसत नाहीत. कॅमेरा मात्र थेट चेहऱ्यापाशी जातो. कानांना फसवण्याचे काम दूरदर्शन संचाने आधीच केलेले असते. आवाज येतो ध्वनिक्षेपकातून, आपल्याला तो पडद्यावरच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. आवाजाची जागा ठरवताना मेंदू कानांपेक्षा डोळ्यांवर अधिक विसंबतो, कारण एरवी डोळ्यांची माहिती अधिक नेमकी असते. अलेस आणि बर या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले, की दृश्य पुरेसे धूसर केले तर उलट कानांचे पारडे जड होते. म्हणजे मेंदू भोळा नाही. ज्याची साक्ष अधिक खात्रीची, त्याला तो अधिक महत्त्व देतो.

‘पोटातून आवाज काढतात’ ही समजूत चुकीची आहे. आवाज नेहमीप्रमाणे स्वरतंतूंतूनच येतो. खरी अडचण आपल्या वर्णमालेत आहे. क, च, ट, त हे वर्ग ओठ न मिटता उच्चारता येतात. प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटावेच लागतात. वर्गात करून पाहा : दात किंचित विलग आणि ओठ स्थिर ठेवून ‘काका’ म्हणा, मग ‘मामा’ म्हणा. शब्दभ्रमकार ‘म’च्या जागी ‘न’च्या, ‘प’च्या जागी ‘त’च्या आणि ‘ब’च्या जागी ‘द’च्या जवळचा उच्चार जिभेने करतो, उरलेले काम वाक्याचा अर्थ करतो. गंमत अशी, की ‘अर्धवटराव’ या नावात प-वर्गातले एकही अक्षर नाही. बाहुल्याला स्वतःचे नाव सोपे आणि ‘रामदास पाध्ये’ हे नाव अवघड!

१९९३ साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ चित्रपटासाठी पाध्ये यांनी तात्या विंचू घडवला. मुले त्याला घाबरली, आजही घाबरतात. आमच्या मते फरक चेहऱ्याचा कमी आणि मांडणीचा अधिक आहे. तात्या विंचूच्या शेजारी त्याला बोलवणारा माणूस नाही; तो मंत्राने, आत्म्याने चालतो. अर्धवटराव बोलतो तेव्हा त्याला बोलवणारा शेजारीच बसलेला असतो. भ्रम आणि तो निर्माण करणारा एकाच चौकटीत असल्यामुळे मूल निर्धास्तपणे हसते आणि ‘कसे?’ असेही विचारते.

उणीवही सांगितली पाहिजे. अर्धवटराव आणि आवडाबाई यांच्या जोडीचा विनोद पुष्कळदा मोठ्यांच्या संसारातला असतो. मुले हसतात ती बाहुल्याच्या माना वळवण्याला आणि उलट उत्तरांना. त्यांच्या वाट्याला स्वतःचे असे थोडेच येते. मुलांच्या जगातले प्रश्न त्या खट्याळ तोंडी अधिक आले असते, तर आमच्यासारख्या शिक्षकांना मोठा आधार मिळाला असता.

आम्हीही मोज्याची बाहुली करून तिच्याकडून स्वच्छतेचे धडे वदवले आहेत, आणि तेही पडद्यामागे लपून. मुले कंटाळली. आता आम्ही बाहुली हातात घेऊन वर्गासमोर बसतो. ती चुकीचे उत्तर देते, आमच्याशी वाद घालते, मुले तिला दुरुस्त करतात. आमचे ओठ चांगलेच हलतात. मुलांचे त्यावाचून काही अडत नाही.