नैतिक अंतःप्रज्ञावाद

नीतिशास्त्रातील एक उपपत्ती. काही नैतिक सत्ये वस्तुनिष्ठ असून ती अनुमानावाचून बुद्धीला साक्षात प्रतीत होतात, असे ही उपपत्ती मानते. जी. ई. मुर (१८७३–१९५८) यांनी प्रिन्सिपिया एथिका (१९०३) या ग्रंथात ‘चांगले’ हा गुण अव्याख्येय ठरविला. डब्ल्यू. डी. रॉस (१८७७–१९७१) यांनी वचनपालन, कृतज्ञता इ. कर्तव्ये स्वयंसिद्ध मानली. मात्र ती परिपक्व मनालाच तशी दिसतात, अशी पुस्ती जोडली.

ही पुस्तीच वादाचे मूळ होय. मनुस्मृतीने धर्माच्या प्रमाणांत आत्मतुष्टीचा समावेश केला. कुमारिल भट्टाने ती वेदसंस्कारित पुरुषापुरतीच ग्राह्य धरली व मिठाच्या खाणीत पडलेली वस्तू मीठच होते, असा दाखला दिला. मन परिपक्व केव्हा समजावे, याची कसोटी दोहोंकडे अंतःप्रज्ञेबाहेरची आहे. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) ‘आधिदैवतपक्ष’ या नावाने हाच वाद तपासला. सदसद्विवेक ही स्वतंत्र देवता नसून सारासार निवडणाऱ्या एकाच बुद्धीचा तो व्यापार आहे आणि निर्णयाची तत्परता अभ्यासाने येते, हा त्यांचा आक्षेप अद्याप समाधानकारकपणे खोडला गेलेला नाही.

या आक्षेपाचे प्रत्यंतर कुंकवाच्या प्रथेत मिळते. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. विधवेने कुंकू लावणे अनुचित, हे पिढ्यान्‌पिढ्या इतके उघड वाटत आले, की त्याला कारण देण्याची गरज सहसा कोणाला भासली नाही. अनेक विधवांनाही ते तसेच वाटे. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाने या प्रथेविरुद्ध मोहीम चालविली. मे २०२२ मध्ये हेरवाड (जि. कोल्हापूर) येथील ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले.

एक प्रतीती टाकून दुसरी का स्वीकारावी, याचे उत्तर अंतःप्रज्ञावाद्याला येथे द्यावे लागते. विधवा अशुभ, ही भावना तिच्या सान्निध्याने अनिष्ट घडते या समजुतीवर उभी होती. समजूत ढळताच तीही ढळते. निरपराध व्यक्तीस दंड करू नये, ही प्रतीती अशा कोणत्याही समजुतीच्या टेकूवर नाही. रॉस यांचा पक्ष एवढ्यापुरता बळकट ठरतो; परंतु हा भेद प्रतीतीने नव्हे, चिकित्सेने उघडकीस आला, हे टिळकांच्या बाजूने नोंदविले पाहिजे. शिवाय दोन कर्तव्यांत विरोध आला असता कोणते बलवत्तर, हे स्वयंसिद्ध नसल्याचे स्वतः रॉस यांनीच मान्य केले असून तेथील निर्णय त्यांनी व्यक्तीच्या तारतम्यावर सोपविला आहे.