ध्रुवप्रदेशाची साक्ष व पलभेचें प्रमाण

लोकमान्य टिळकांचा 'दि आर्क्टिक् होम् इन् दि वेदाज्' हा ग्रंथ इ. स. १९०३ त प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीं दहा वर्षें निघालेल्या 'ओरायन' ग्रंथांत त्यांनीं नक्षत्रांच्या आधारें वेदांचा काळ ठरविला होता. या ग्रंथांत उषा, दिवस व रात्र यांच्या मानावरून वैदिक ऋषींच्या पूर्वजांचें स्थळ ठरविलें, व तें उत्तरध्रुवाच्या आसमंतांत नेलें. ग्रंथाची चर्चा पुष्कळ झाली. नारायण भवानराव पावगी यांनीं १९१५ त उलट पक्ष मांडून मूलस्थान आर्यावर्तांतच ठेविलें व ध्रुवाकडील वस्ती ही तेथून गेलेली वसाहत ठरविली. परंतु बहुतेक चर्चा अभिमानाच्या अंगानें झाली. दिनमान हें जें ग्रंथाचें मुख्य प्रमाण, त्याचें बळ किती, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

एखाद्या ग्रंथांत दूर देशाचें दिनमान सांगितलेलें आढळलें, तर तें तीन मार्गांनीं आलेलें असूं शकतें. सांगणाऱ्यानें तें डोळ्यांनीं पाहिलें असेल, गणितानें काढलें असेल, किंवा पूर्वजांकडून ऐकलें असेल. टिळकांचा सिद्धांत टिकावयाचा तर वेदांतील उल्लेख पहिल्या किंवा तिसऱ्या प्रकारचे ठरले पाहिजेत, व ऐकलेल्या गोष्टीच्या मुळाशीं कोणाचें तरी पाहणें असलें पाहिजे.

गणिताचा मार्ग किती दूर नेतो हें प्रथम पाहूं. विषुवदिनीं माध्यान्हीं बारा अंगुलें उंचीच्या शंकूची जी छाया पडते ती पलभा. बुलढाण्यास ती साडेचार अंगुलें येते. आपल्या जुन्या रीतीप्रमाणें हिला १०, ८ व ३⅓ यांनीं गुणिलें म्हणजे ४५, ३६ व १५ हीं चरखंडें मिळतात. त्यांची बेरीज ९६ पळें. दुप्पट करून तीस घटींत मिळविलीं कीं बुलढाण्याचा परम दिवस ३३ घटी १२ पळें, म्हणजे १३ तास १७ मिनिटें निघतो. वातावरणांत किरण वांकत असल्यामुळें प्रत्यक्ष दिवस सुमारें पांच मिनिटांनीं मोठा असतो. अंगणांत रोवलेल्या काठीवरून इतकें साधतें, आणि तीच रीत गोलाच्या आधारें पुढें नेली कीं ज्या भूमीवर कोणी गेलेलें नाहीं तिचाही दिवस काढतां येतो.

भास्कराचार्यांनीं हें केलेंच आहे. शके १०७२ (इ. स. ११५०) मधील सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायांत ते सांगतात कीं, ६९ अंश २० कला अक्षांशावर धनु व मकर या राशी कधींच दिसत नाहींत, व मिथुन आणि कर्क या कधींच अस्तास जात नाहींत. याचा अर्थ, सूर्य या दोन राशींत असेपर्यंत तेथें दोन महिने अखंड दिवस. नॉर्वेंतील ट्रॉम्सो हें शहर ६९ अंश ३९ कलांवर आहे. तेथें २० मेच्या सुमारास मावळावयाचा थांबलेला सूर्य २२ जुलैच्या सुमारास पुन्हां मावळूं लागतो. सायन मिथुन-कर्काचा काळही हाच. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेस चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें ज्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, त्या आचार्यांनीं नॉर्वेचा उन्हाळा इतका अचूक सांगितला. त्यावरून ते तेथें राहत होते असें कोणी म्हणणार नाहीं.

मात्र त्या वर्णनांत एक गोष्ट नाहीं. ट्रॉम्सोस नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्यबिंब दिसत नाहीं, पण दुपारच्या सुमारास तें क्षितिजाखालीं फारतर तीन अंशांवर असल्यामुळें कांहीं तास चांगला संधिप्रकाश असतो. प्रत्यक्ष ध्रुवावर सूर्योदयापूर्वीं प्रथम अंधुक व मग वाढत जाणारा असा हा प्रकाश सुमारें पन्नास दिवस टिकतो व क्षितिजाभोंवतीं फिरत राहतो. राशींचें दर्शन-अदर्शन सांगणाऱ्यास याची गरज नसते; तेथें राहणाऱ्यास मात्र वर्षांतील सर्वांत मोठा सोहळा तोच. म्हणून साक्षीदाराची खूण सहा महिन्यांच्या दिवसांत नसून लांबलेल्या उषेंत आहे.

टिळकांनीं हें पुरतें ओळखलें होतें. सूर्यसिद्धांतांतील मेरूचा सहा महिन्यांचा दिवस हें ज्योतिष्यांचें अनुमान असूं शकेल हा आक्षेप त्यांनीं स्वतःच विचारांत घेतला, व आपला भार दीर्घ उषेवर टाकला. त्यांच्या ग्रंथाची थोरवी येथें आहे. म्हणून तपासणीही येथेंच व्हावयास पाहिजे.

त्यांचें एक प्रमाण आश्विनशस्त्राचें. ऐतरेय ब्राह्मणाप्रमाणें (४.७) होत्यानें सूर्योदयापूर्वीं सहस्र ऋचा म्हणावयाच्या. उषा दीर्घ असल्यावांचून हें कसें घडणार, असा टिळकांचा प्रश्न. परंतु संहितापाठाची एक ऋचा म्हणण्यास दहा ते पंधरा सेकंद लागतात. सहस्र ऋचांस तीन ते चार तास पुरतात. अश्विनांचा काळ निरुक्ताप्रमाणें (१२.१) मध्यरात्रीनंतर सुरू होतो. कुरुक्षेत्राजवळ ३० अंशांवर हिंवाळ्यांत मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत जवळजवळ सात तास असतात. उन्हाळ्यांतही पांच तास मिळतात. शस्त्र संपूनही सूर्य न दिसल्यास तैत्तिरीय संहितेंत (२.१.१०) प्रायश्चित्त आहे, पण पाठ लवकर आटोपला किंवा आभाळ आलें तरी तो प्रसंग येतोच. हें प्रमाण ध्रुवापर्यंत पोंचत नाहीं.

दुसरें प्रमाण तैत्तिरीय संहितेंतील (४.३.११) तीस उषाभगिनींचें. टिळक त्यांस तीस दिवस चालणारी एक अखंड उषा मानतात. परंतु त्याच अनुवाकांत एकाष्टकेचा, म्हणजे कृष्णपक्षांतील एका तिथीचा, उल्लेख आहे. मासगणना समोर असतां तीस म्हणजे महिन्याच्या तीस पहाटा हा अर्थ अधिक सरळ होय.

उरते ती ऋग्वेदांतील ७.७६.३ ही ऋचा. सूर्योदयापूर्वीं पुष्कळ दिवस गेले असा तिचा अर्थ टिळक घेतात. सायणाचार्यांनीं येथें 'अहानि' याचा रूढ अर्थ सोडला, हें अडचणीचें लक्षण आहे, हा त्यांचा शेरा मार्मिक आहे. परंतु पुढचीच ऋचा गूढ ज्योति शोधून काढणाऱ्या प्राचीन पितरांची आहे. त्या संगतीनें पूर्वीं उगवून गेलेल्या अनेक दिवसांच्या उषा असा अर्थ लागतो, व 'अहानि' याचा रूढ अर्थही कायम राहतो. निर्णय दोन्हीकडे होऊं शकेल हें मान्य. पण एकट्या संदिग्ध ऋचेवर मूलस्थान उभें राहत नाहीं.

आतां हवामानाकडे वळूं. ध्रुवप्रदेश पूर्वीं सुखद होता व इ. स. पू. १०,००० ते ८,००० च्या सुमारास हिमप्रलयानें तो उद्ध्वस्त झाला, असें टिळकांनीं तत्कालीन भूगर्भशास्त्राच्या आधारें धरिलें. आज जें निश्चित झालें आहे तें उलट आहे. शेवटच्या हिमयुगाचा कडाका सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं परमावधीस गेला व सुमारें ११,७०० वर्षांपूर्वीं तें युग संपलें. टिळकांच्या मतें जेव्हां बर्फ आलें, तेव्हां तें वितळत होतें. त्यापूर्वींचा उष्ण काळ सव्वा लाख वर्षांमागें जातो. शिवाय दिनमान अक्षांशावर ठरतें, हवामान तसें ठरत नाहीं. समुद्राच्या उष्ण प्रवाहामुळें ट्रॉम्सोचा जानेवारी सरासरीनें गोठणबिंदूखालीं सुमारें चार अंशच असतो. सैबेरियांतील व्हर्खोयान्स्क हें गांव त्याहून दक्षिणेस असून तेथील जानेवारी सुमारें पंचेचाळीस अंश खालीं जातो. म्हणून उषेच्या पुराव्यानें हवामान, किंवा हवामानाच्या पुराव्यानें उषा सिद्ध होत नाहीं.

तथापि टिळकांच्या पद्धतीचें बीज खरें आहे, व त्याचा पुरावा वेदांगांतच आहे. वेदांगज्योतिषांत परम दिवस अठरा मुहूर्त व परमाल्प दिवस बारा मुहूर्त, म्हणजे ३६ व २४ घटी सांगितला आहे. दक्षिणेंतील वैदिक हा पाठ पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. पण ३६ घटींचा दिवस बुलढाण्यास किंवा पुण्यास कोणी पाहिलेला नाहीं. तो सुमारें ३५ अंशांवर, काश्मीर-गांधाराच्या पट्ट्यांत, येतो. बाबिलोनच्या ज्योतिषांतही हेंच ३ : २ प्रमाण आढळत असल्यामुळें कांहीं पंडित तो आंकडा तिकडून आला असें मानतात. कसेंही असो, परक्या भूमीचें दिनमान पाठांतरानें शेंकडों वर्षें जिवंत राहूं शकतें हें टिळकांचें गृहीत यावरून सिद्ध होतें. मात्र जेथें आंकडा स्पष्ट मिळतो, तेथें तो आपणांस ३५ अंशांपर्यंत नेतो. ९० अंशांपर्यंत नेत नाहीं.

लोकमान्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष मान्य करणें या कारणांनीं कठीण आहे. पण प्रकाशाच्या मानावरून ग्रंथाचें स्थळ शोधावें ही त्यांची दृष्टि पोथ्या जमविणाऱ्यांनीं अवश्य घ्यावी. आपल्याकडील दप्तरांत ग्रहलाघवाचीं टिपणें, जुनीं पंचांगें व चरखंडांचीं सुटीं पानें पुष्कळ निघतात, आणि तीं निरुपयोगी म्हणून प्रथम टाकिलीं जातात. त्यांवर पलभा ४ असेल तर गणित पुण्या-कोंकणच्या अक्षांशावर झालें. ५ अंगुलें ८ व्यंगुलें असेल तर उज्जयिनीच्या. आपल्या जिल्ह्यांतच लोणारास ती ४ अंगुलें २२ व्यंगुलें, तर जळगांव जामोद येथें ४ अंगुलें ३७ व्यंगुलें येते. पलभेवरून पूर्व-पश्चिम कळत नाहीं. त्यासाठीं देशांतराचा आंकडा पाहावा लागतो. तसेंच तो आंकडा केवळ मूळ पोथीवरून उतरलेला आहे, कीं त्यावर पुढें प्रत्यक्ष गणित केलेलें आहे, हेंही तपासावें. एवढी सावधगिरी ठेविली तर पुष्पिका नसलेल्या पोथीचेंही गांव पुष्कळदां सांपडेल. संग्राहकांनीं आपल्या याद्यांत पलभेचा एक रकाना ठेवावा, अशी विनंती आहे.