मंडळीची पत्रिका आणि मराठी गद्य

लहानशा ख्रिस्ती मंडळीची नाताळ, उपवासकाल, पुनरुत्थानाचा सण अशा निमित्तांनी निघणारी पत्रिका साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येते काय, असे विचारल्यास पुष्कळांना हसू येईल. बाप्तिस्मे, विवाह, दफनविधी, वर्गणीचा हिशोब आणि चार ओळींचा उपदेश, यांत वाङ्मय ते कोणते? तथापि ज्या लेखनाचा वाचक लेखकाला नावानिशी ठाऊक असतो, त्या लेखनाच्या भाषेवर या ओळखीचा परिणाम होतोच. तो तपासणे हे समीक्षेचे कर्तव्य होय.

1859 मध्ये इंग्लंडातील डर्बी येथील धर्मगुरू जॉन अर्स्किन क्लार्क यांनी ‘पॅरिश मॅगझिन’ काढले. कथा, निबंध इत्यादी समाईक मजकूर एके ठिकाणी छापावयाचा व प्रत्येक मंडळीने त्यास स्वतःची पाने जोडावयाची, अशी ती योजना होती. समाईक मजकूर कोणत्याही गावाला चालण्याजोगा. गावाची ओळख उमटे ती जोडपानातच. या लेखनप्रकाराची कसोटीही तीच: जोडपान कितपत खरे आहे?

एपिस्कोपल पंथ आपल्या प्रांताला अपरिचित नाही. चांद्यास स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते. 1903 मध्ये एअर चॅटर्टन नागपूरचे पहिले बिशप झाले, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच अँग्लिकन व इतर काही मंडळ्यांच्या एकीकरणातून उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. मात्र मराठी गद्याच्या दृष्टीने अधिक फलदायी उदाहरणे इतर पंथांत आढळतात. ती एका मंडळीपुरती मर्यादित नसली तरी समाईक मजकूर आणि जोडपान यांतील ताण तेथेही स्पष्ट दिसतो.

अमेरिकन मिशनचा ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे सुरू झाला. आरंभीच्या मिशनरी गद्यावर परकीय वाक्यरचनेची छाया होती. आशय आयात केलेला, भाषाही त्याच्यामागून आलेली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी त्याच्या मराठी विभागाचे संपादन केले. अभंग-ओवीत मुरलेल्या या कवीने ख्रिस्ती भक्तीला घरचे मराठी बोलावयास लावले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 1983 पासून दोन तपांच्या सुमारास संपादिलेल्या वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे सामर्थ्यही असेच आपल्या मातीशी असलेल्या नात्यात होते. जवळचा वाचक न सोडता ते दूरच्या वाचकापर्यंत पोचले.

या प्रकाराचा मुख्य दोष सरसकट गौरवाचा. प्रत्येक मृत व्यक्ती ‘प्रेमळ, सेवाभावी व प्रार्थनाशील’ ठरली, की त्या विशेषणांतून कोणीच ओळखू येत नाही. उलट, अमुक बाई तीस वर्षे देवळातील दिवे पुसत असत, एवढे एक वाक्य लिहिले तर ती व्यक्ती उभी राहते.

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती मंडळीचा नव्हे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला. सौंसर, पांढुर्णा, आमचे मोहगाव मध्य प्रदेशात राहिले. येथे राज्यकारभाराची भाषा हिंदी, घरची मराठी. मोठी मासिके आम्हांस समाईक मजकूर पुरवितात. जोडपान मात्र आम्हीच लिहावयास हवे. एखाद्या शाळेने पोळा, दिवाळी, संक्रांत या निमित्तांनी चार पानांची पत्रिका काढून आपल्या गावची पिके, माणसे, मृत्यू आणि शब्द नोंदविले, तर सीमेवरील मराठीची ती मोलाची सेवा होईल. तिचे मूल्यमापनही सवलतीने न होता याच कसोटीवर व्हावे.