पेटी आणि तिचा कागद : ‘द बॉक्स’ या ग्रंथाचे परीक्षण

मार्क लेव्हिन्सन यांचा ‘द बॉक्स’ हा ग्रंथ 2006 मध्ये प्रसिद्ध झाला व 2016 मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली. कंटेनर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोखंडी पेटीचा इतका साधार आणि तरीही वाचनीय इतिहास क्वचितच लिहिला गेला असेल. 26 एप्रिल 1956 रोजी न्यूअर्कच्या धक्क्यावर ‘आयडियल-एक्स’ या जुन्या टँकर जहाजावर 58 पेट्या चढविण्यात आल्या, या प्रसंगाने ग्रंथाचा आरंभ होतो. माल्कम मॅक्लीन या ट्रकमालकाचे साहस, न्यूयॉर्क बंदराची उतरती कळा, गोदी कामगारांच्या संघटनांशी झालेले करार, पेटीच्या मापांविषयीचा दीर्घ वाद, व्हिएतनाम युद्धातील लष्करी वाहतूक हे सारे विषय ग्रंथकाराने पुराव्यानिशी मांडले आहेत. मापांच्या वादासारख्या रूक्ष विषयावरील प्रकरणही कंटाळवाणे होत नाही, हे विशेष होय.

ग्रंथाचे प्रमेय थोडक्यात असे, की जागतिक व्यापाराचे रूप पालटले ते मुख्यतः माल हाताळण्याचा खर्च कोसळल्यामुळे. सुटा माल जहाजावर चढविण्यास 1956 मध्ये टनामागे 5.83 डॉलर खर्च येत असे. ‘आयडियल-एक्स’वर तो 15.8 सेंट आला. या दोन आकड्यांतील अंतर हाच ग्रंथाचा कणा आहे. हे प्रमेय खोडून काढण्याचे कारण नाही. तथापि खर्चाच्या या हिशेबात एक जमेची बाजू आणि एक नावेची बाजू असते, आणि ग्रंथकाराचे लक्ष जमेकडे अधिक आहे, एवढे म्हणणे प्राप्त आहे. कामगारांची जी हानी झाली तिची नोंद ते करतात, आणि ती सहृदयतेने करतात. परंतु पेटीने दुसरीही एक गोष्ट हिरावून घेतली. ती म्हणजे मालाविषयीचे प्रत्यक्ष ज्ञान.

यास आधार ग्रंथकाराच्याच पुराव्यात सापडतो. 1954 मध्ये ‘वॉरियर’ हे जहाज ब्रुकलिनहून जर्मनीतील ब्रेमरहाफेनला गेले. त्याच्या फेरीचा बारकाईने अभ्यास झाला होता आणि लेव्हिन्सन यांनी त्याचा उत्तम उपयोग केला आहे. जहाजावर 5,015 टन माल होता. खोकी, पोती, पिंपे, गठ्ठे मिळून एकूण नग 1,94,582. एकूण खर्चापैकी प्रत्यक्ष सागरी प्रवासाचा वाटा 11.5 टक्के, तर दोन्ही बंदरांवरील चढ-उताराचा 36.8 टक्के. ग्रंथकार येथे खर्चिकपणा पाहतात, आणि तो आहेच. पण हीच यादी दुसऱ्या दृष्टीनेही वाचता येते. जवळजवळ दोन लाख नगांपैकी प्रत्येक नग कोणीतरी पाहिला होता, मोजला होता, फुटका असल्यास तशी नोंद केली होती. असे टॅली क्लार्क मुंबईच्या गोदीतही होते. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर घेतलेल्या मालाची बिल्टी, तयार होई ती अशा नोंदींच्या आधारे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. मोजलेला माल चोरीसही जाई आणि पावसात भिजेही.

आता मालाचा मार्ग असा असतो. माल पाठविणारा आपल्या फॉरवर्डरमार्फत जहाजकंपनीकडे जागा राखून ठेवतो. रिकामी पेटी यार्डातून कारखान्यात येते, तेथे भरली जाते, दारास सील लागते. कस्टम्सची परवानगी मिळाली, की पेटी बंदरात जाते, क्रेनने जहाजावर चढते, वाटेत एखाद्या मोठ्या बंदरात दुसऱ्या जहाजावर बदलली जाते. शेवटी माल घेणाऱ्याच्या गोदामात सील तुटते. कस्टम्सने तपासणीसाठी निवडली नाही, तर या संपूर्ण प्रवासात पेटीच्या आत कोणीही डोकावत नाही. जहाजकंपनी बिल्टीवर काय लिहिते? आत अमुक माल आहे असे पाठविणाऱ्याचे सांगणे आहे. भरणे आणि मोजणे त्याचे. ही पळवाट नव्हे, वस्तुस्थितीच तशी आहे. ज्याची पडताळणी करण्याचे वाजवी साधन नाही अशी संख्या वा वजन बिल्टीवर दाखविण्याचे बंधन वाहकावर नाही, असे 1924 च्या हेग नियमांतच म्हटले होते. सुट्या मालाच्या काळात हा अपवाद होता. पेटीने तो रोजचा व्यवहार करून टाकला.

1968 मध्ये या नियमांत दुरुस्ती झाली, आणि पेटी व तिचा कागद यांचे नाते त्या दुरुस्तीत फारच स्पष्ट दिसते. पेटीतील नगांची संख्या बिल्टीवर नोंदलेली असेल, तर भरपाईसाठी तितके नग धरावेत. नसेल, तर अख्खी पेटी एकच नग. म्हणजे पेटीत हजार खोकी होती की एक वस्तू होती, हे ठरते कागदावरील एका ओळीने! ‘द बॉक्स’मध्ये मापांच्या वादास स्वतंत्र प्रकरण आहे, बिल्टीस नाही. ही उणीव केवळ तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही.

कारण सांगण्यावर चालणाऱ्या व्यवस्थेत सांगणे चुकले, तर त्याचा भार कोठेतरी पडतोच. जानेवारी 2007 मध्ये ‘एम.एस.सी. नेपोली’ हे जहाज इंग्लिश खाडीत वादळात सापडून मोडले व पुढे डेव्हनच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात आणून टेकविण्यात आले. डेकवरील पेट्यांचे नंतर वजन केले असता सुमारे पंचमांश पेट्यांत सांगितलेल्या आणि प्रत्यक्ष वजनात तीन टनांहून अधिक तफावत आढळली. जहाज मोडण्याचे मुख्य कारण त्याच्या सांगाड्यातील दुर्बलता होते, हे खरे. तरी खलाशी कोणत्या माहितीच्या भरवशावर समुद्रात जात होते, हे त्या वजनकाट्याने दाखविले.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर नाशिकच्या द्राक्षांचे उदाहरण याहून बोलके आहे. पॅकहाउसमध्ये थंड केलेली द्राक्षे शीतपेटीत भरली जातात, न्हावा-शेवा येथे जहाजावर चढतात आणि कित्येक आठवड्यांनी रॉटरडॅमला पोहोचतात. 2003 मध्ये कीटकनाशकाच्या अवशेषांवरून नेदरलँडमध्ये भारतीय द्राक्षांबाबत तक्रार झाली. त्यानंतर अपेडा या निर्यात-संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही नोंदव्यवस्था उभारली. बागेचा नोंदणी-क्रमांक पेटीपर्यंत पोहोचू लागला. टॅली क्लार्कची नजर जणू बागेतच नेऊन बसविली गेली. परंतु 2010 मध्ये युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष सापडले आणि माल नाकारला गेला. हे रसायन येथील तपासणीच्या यादीतच नव्हते. बागाईतदाराने विचारलेले सर्व सांगितले होते. न विचारलेले सांगण्यास कागदावर रकानाच नव्हता. पेट्या शाबूत होत्या, सील शाबूत होते, शीतयंत्र चालू होते. वाटेतील कोणावरही दोष येत नव्हता. द्राक्षांचा बराच व्यवहार परदेशी विक्री झाल्यानंतर ठरणाऱ्या भावाने चालतो. त्यामुळे नुकसान उलट्या मार्गाने प्रवास करीत निर्यातदाराकडून बागेपर्यंत आले.

लेव्हिन्सन यांच्या हिशेबात हा खर्च कोठे मांडावयाचा? हाताळणीच्या रकान्यात तो बसत नाही, भाड्याच्या रकान्यातही नाही. ग्रंथकाराची भूमिका धक्क्यावर उभे राहून पेटीकडे पाहणाऱ्या अर्थपत्रकाराची आहे. तिला क्रेन दिसते, मजूर दिसतो, बंद पडलेला जुना कारखाना दिसतो. पेटी भरणारा आणि ती उघडणारा हे दोघे ‘शिपर’ व ‘ग्राहक’ अशा सामान्यनामांनी येतात आणि बहुधा भाडे कमी करून घेणारे बलवान पक्ष म्हणून. मोठ्या कंपन्यांपुरते हे चित्र यथार्थ आहे. जो शिपर वर्षाकाठी चार-सहा पेट्या पाठवितो, त्याच्यासाठी ते अपुरे ठरते. त्याला भाड्याची घासाघीस करता येत नाही, पण कागदावर केलेल्या प्रत्येक विधानाची जबाबदारी मात्र मोठ्या कंपनीइतकीच घ्यावी लागते.

1 जुलै 2016 पासून सागरी सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार भरलेल्या पेटीचे पडताळलेले वजन कळविल्यावाचून ती जहाजावर घेता येत नाही. वजन दोन रीतींनी देता येते : भरलेली पेटी काट्यावर चढवून, किंवा आतील मालाच्या व बांधणीच्या वजनात पेटीचे स्वतःचे वजन मिळवून. दुसऱ्या रीतीत पेटी काट्यावर जातच नाही. ती बेरीजही पाठविणाराच करतो.