रेषा पुसण्याआधी

मुंबईच्या पुराबद्दल जे काही वाचायला-बघायला मिळतं, त्यात पूर बहुतेक वेळा एका दिवसाचा असतो. २६ जुलै २००५. बंद पडलेल्या लोकल, छातीइतक्या पाण्यातून घर गाठणारी माणसं, पुलावर बिस्किटं वाटणारे अनोळखी लोक. २००९ साली आलेल्या 'तुम मिले' या हिंदी सिनेमातही तेच: दुरावलेले प्रेमिक पुरात अडकतात आणि पुन्हा जवळ येतात. पाणी ओसरतं, गोष्ट संपते.

त्याच वर्षी, २००९ मध्येच, 'सोक: मुंबई इन ॲन एस्चुअरी' हे इंग्रजी पुस्तक आलं. अनुराधा माथूर आणि दिलीप दा कुन्हा या लँडस्केप आर्किटेक्ट जोडीचं. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे एनजीएमएमध्ये, त्याचं प्रदर्शनही भरलं होतं. पुरावरच्या लिखाणात मला हे सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक वाटतं. आणि त्याच्याशी माझं एक भांडणही आहे.

पुस्तकाचं म्हणणं साधं आहे. मुंबई ही समुद्राने वेढलेली जमीन आहे, असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती खाडीत वसलेली आहे. जिथे नदीचं गोडं पाणी, भरतीचं खारं पाणी आणि पावसाचं पाणी सतत मिसळत असतं अशा जागी. तिथे जमीन कुठे संपते याचं उत्तर भरती-ओहोटीला आणि ऋतूला बदलतं. पण नकाशा काढणाऱ्यांनी एक रेषा ओढली: अलीकडे जमीन, पलीकडे पाणी. मग भराव आला, भिंती आल्या, आणि रेषा ओलांडणारं पाणी घुसखोर ठरलं. लेखकांचा उपाय असा, की पाणी लवकरात लवकर समुद्रात ढकलण्यापेक्षा पावसाला मुरायला, थांबायला जागा द्या. त्यासाठी त्यांनी शहरात ठिकठिकाणी करता येतील असे बारा प्रकल्प मांडले आहेत.

हे पटायला २६ जुलैचे दोन आकडे पुरेसे आहेत. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला साधारण ७३. शहराच्या दक्षिण टोकाला तो पावसाळ्यातला नेहमीचा दिवस होता. बुडाली ती उपनगरं; जिथे मिठीच्या काठाने आणि पात्रातसुद्धा वर्षानुवर्षं भराव पडत आला होता.

पुस्तकाची खरी ताकद त्यातल्या चित्रांत आहे. लेखक वरून पाहिलेल्या नकाशापेक्षा छेद, म्हणजे सेक्शन, जास्त वापरतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंग केलेल्यांना हा फरक लगेच कळेल. प्लॅनमध्ये वस्तू वरून दिसते, सेक्शनमध्ये ती मधोमध कापलेली. प्लॅनमध्ये दोन प्लॉट शेजारी-शेजारी दिसतात. सेक्शनमध्ये एक वर आणि एक खाली दिसतो, आणि पाणी कुठून कुठे जाणार हे सांगायलाच लागत नाही.

मी बदलापूरला वाढलो. पुस्तकाचं लक्ष मुंबईवर आहे, पण ज्या खाडीत मुंबई वसली आहे तिच्यात येणारी उल्हास नदी आमच्या गावावरून जाते. २६ जुलैला तिने बदलापूरलाही बुडवलं होतं. बातम्यांत मात्र मिठी होती. पुढे २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेव्हा कुठे देशाला उल्हास दिसली.

आमच्याकडे कुणालाही विचारा, 'इथे सगळी भातशेती होती' हे वाक्य ऐकायला मिळेल. बेडूक, चिंबोऱ्या, बांधावरून शाळेत जाणं. माझ्याकडेही या आठवणी आहेत. पण 'सोक' वाचल्यावर लक्षात येतं, की या आठवणीत शेत हे फक्त दृश्य असतं. हिरवं होतं, आता नाही, बस. भाताचं खाचर हे पाणी धरून ठेवणारं भांडं आहे. बांध घालून, पायरीपायरीने, पडलेला पाऊस जागच्या जागी थोपवायचा आणि जादा झाला की खालच्या खाचरात सोडायचा, हे त्याचं काम. डंपरने मुरूम टाकून एक खाचर बुजवलं, की तेवढं पाणी शेजारच्याच्या दारात जातं. जनगणनेनुसार २००१ मध्ये कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये सुमारे पावणेदोन लाख. एवढी माणसं राहायला आली ती बरीचशी अशाच जमिनींवर. आमची सोसायटीही त्यातलीच.

आता भांडण. पुस्तक सांगतं, रेषेवर विश्वास ठेवू नका. तत्त्व म्हणून मान्य. पण नदीकाठच्या गावात सामान्य माणसाच्या हातात रेषेशिवाय काय आहे? जलसंपदा विभाग नदीला दोन पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. ही रेषा मागे सरकवा, नव्याने सर्व्हे करा, अशी मागणी नदीकाठच्या गावांत होतच असते. ती करणाऱ्यांत बिल्डर असतात, तसे आपलं राहतं घर अचानक लाल-निळ्या पट्ट्यात गेल्याने धास्तावलेले लोकही असतात. 'जमीन आणि पाणी यांत ठाम सीमा नसते' हे वाक्य गॅलरीत सुंदर वाटतं. सुनावणीत तेच वाक्य ज्याला नदीत भराव टाकायचा आहे त्याच्या कामाला येईल. कोडमध्ये जशी अट लागते, तशी कायद्यालाही लागते: हा सर्व्हे नंबर आत की बाहेर?

पण रेषा हवी म्हणजे आहे तशीच हवी असं नाही. '२५ वर्षांतून एकदा' हे शब्दच फसवे आहेत. ऐकणाऱ्याला वाटतं, २००५ ला पूर आला, म्हणजे आता २०३० पर्यंत निवांत. खरा अर्थ असा, की तेवढा पूर येण्याची शक्यता दर वर्षी ४ टक्के. २० वर्षांचं गृहकर्ज घेतलं, तर हप्ते संपायच्या आत तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता ५६ टक्के निघते. लाल रेषेच्या पुरासाठी, दर वर्षी १ टक्का धरून, १८ टक्के. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होणारं गणित आहे. बँक तुमच्या पगाराची जोखीम तपासते. हा आकडा ब्रोशरवर कोणी छापत नाही.

आणि इथे मी पुन्हा त्या पुस्तकाकडे येतो. मधल्या पट्ट्यातली एक अट म्हणजे इमारतीचं जोतं लाल पूरपातळीच्या वर हवं. ऐकायला चोख. पण नियम एका वेळी एकच प्लॉट बघतो. नव्या टॉवरचं जोतं उंच होतं, त्याचं आवार भरावाने वर येतं, आणि पलीकडची वीस वर्षांची जुनी सोसायटी आपोआप खड्ड्यात जाते. तिचा तळमजला होता तिथेच आहे, आता पाणी तिथे येतं एवढंच. रेषेच्या दृष्टीने सगळं कायदेशीर. ही चूक प्लॅनमध्ये दिसत नाही, सेक्शनमध्ये पहिल्या नजरेत दिसते.

म्हणून 'सोक'कडून मी रेषा पुसायचा सल्ला घेत नाही, छेद काढायची सवय घेतो. बांधकामाची परवानगी देताना एका प्लॉटचा नकाशा न बघता नदीपासून टेकडीपर्यंतचा छेद बघायला हवा. भराव टाकणाऱ्याने, अडलेलं पाणी कोणाच्या दारात जाणार हे त्या छेदावर दाखवायला हवं. लाल रेषा ठेवावी, आणि भराव वाढेल तशी ती पुन्हा मोजावी.

तोवर, 'रिव्हर व्ह्यू'चं ब्रोशर हातात आलं तर त्यात बेडरूमचा प्लॅन असेल, स्विमिंग पूलचाही असेल. सेल्सवाल्याला सेक्शन मागा. नदी किती खाली आहे आणि शेजारी किती खाली आहे, दोन्ही विचारा.