निवेदकाची रिकामी जागा : मराठी पुस्तकांचे पडद्यावरचे रूप

माध्यमांतर, म्हणजे एका माध्यमात घडलेली कलाकृती दुसऱ्या माध्यमात नव्याने घडवणे, याची मराठीतील चर्चा बहुधा इमानाच्या प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. कोणते प्रसंग गाळले, कोणते घुसडले आणि शेवट का बदलला याची जंत्री मांडली की समीक्षेचे काम झाले, असे मानण्याची रीतच पडून गेली आहे. ही जंत्री अगदीच निरुपयोगी नसली तरी कादंबरी दोन-अडीच तासांत येताना प्रसंग गळणारच, आणि एकही प्रसंग न गाळणारा चित्रपट निर्जीव निपजू शकतो, हे तिच्यातून कळत नाही. खरी अडचण निराळी आहे. कादंबरीत प्रसंग आपोआप घडत नाही, तो कोणीतरी सांगत असतो. हा सांगणारा, म्हणजे निवेदक, त्या प्रसंगाकडे मायेने, उपरोधाने, संतापाने किंवा निव्वळ कुतूहलाने पाहत असतो, आणि वाचकाच्या मनात पुष्कळदा कथानकापेक्षा ते पाहणेच अधिक काळ टिकते. कॅमेऱ्याला प्रसंग सहज मिळतो, निवेदक मात्र मिळत नाही. त्याच्या रिकाम्या झालेल्या जागी पटकथेने काय आणून ठेवले, यावर मराठी पुस्तकांवरील चित्रपटांचे यशापयश बरेचसे अवलंबून राहिले आहे.

बोलपट अजून बाल्यावस्थेत असताना या अडचणीचे एक लख्ख उत्तर सापडले होते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी प्रभात कंपनीसाठी १९३७ मध्ये ‘कुंकू’ काढला आणि त्याची पटकथा आपट्यांनीच लिहिली. कादंबरीच्या नावातच निवाडा आहे, वाचकाशी बोलणाऱ्या लेखकाचा सूर आहे; चित्रपटाने तो निवाडा सोडून देऊन एक वस्तू उचलली. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीरेचा नकार भाषणांतून फारसा सांगावा लागत नाही, कारण कुंकू, आरसा आणि भिंतीवरचे घड्याळ या घरगुती वस्तूच तो बोलून दाखवतात, आणि घड्याळ तर वृद्ध नवऱ्याच्या उरलेल्या आयुष्याचे जणू प्रतिरूपच होऊन बसते. शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरले नाही, प्रसंगात जे आवाज स्वाभाविकपणे असतील तेवढेच ठेवले, ही बाब तंत्राची हौस म्हणून सांगितली जाते. परंतु प्रेक्षकाला काय वाटावे हे सुचवणारे पार्श्वसंगीत हाही एक छुपा निवेदकच असतो, हे लक्षात घेतले तर त्या निर्णयामागचा विचार अधिक खोल दिसतो. शांता आपटे आणि केशवराव दाते या प्रमुख कलाकारांवर एवढा भार टाकण्याचे धाडस त्यानंतरच्या मराठी चित्रपटांनी क्वचितच केले.

‘श्यामची आई’चे प्रकरण वेगळे आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक चौकटकथेच्या, म्हणजे एका कथेच्या पोटात दुसरी कथा सांगण्याच्या घाटाचे आहे. आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री एकेक आठवण सांगतो आणि प्रकरणांना नावेही रात्रींचीच आहेत. पुस्तकातील आई सतत आठवणीतून दिसते, तिच्यावर मुलाच्या पश्चात्तापाची साय असते. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने ही आई वनमालांच्या रूपाने समोर उभी केली, माधव वझे यांच्या श्यामला तिच्यासमोर हट्ट करायला लावले, आणि आठवणीचा वर्तमानकाळ केला. त्यामुळे पुस्तकातील हुरहुर काहीशी उणावली, पण पुस्तकात श्यामच्या शब्दांआड राहणारी आईची करारी शिस्त पडद्यावर अधिक ठसठशीत झाली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले, आणि तो मान पुन्हा मराठीकडे यायला २००४ चा ‘श्वास’ उजाडावा लागला.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात साहित्य आणि चित्रपट मराठी मुलखात जितके जवळ आले तितके आधी किंवा नंतर आले नाहीत, आणि या जवळिकीच्या मध्यभागी अरुण साधू हे नाव दोन निरनिराळ्या वाटांनी येते. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन साधूंनी शब्दांकित केले. त्यावर आधारलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ने (१९७७) पुस्तकाच्या शीर्षकातच असलेला तो सांगण्याचा, समोरच्याला बसवून ऐकवण्याचा सूर पूर्णपणे बाजूला ठेवला. चित्रपटाची नायिका उषा आपली हकीकत सांगत नाही; ती जगते, आणि भूतकाळ व वर्तमान यांच्यासाठी बेनेगलांनी रंगछटाच बदलत ठेवल्या. पुस्तकातील बाईचा बेधडकपणा स्मिता पाटील यांच्या गप्प बसण्यात उतरला, हा बदल मूळ पुस्तकाशी प्रामाणिक आहे की नाही यावर दुमत होऊ शकते, पण चित्रपट म्हणून तो समर्थनीय आहे याबद्दल होऊ नये.

दुसरी वाट ‘सिंहासन’ची (१९७९). जब्बार पटेल यांच्यासाठी विजय तेंडुलकर यांनी साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांची मिळून एक पटकथा केली. साधूंचा निवेदक मंत्रालयापासून झोपडपट्टीपर्यंत सगळीकडे मोकळा हिंडतो, सत्तेची गणिते त्याला ठाऊक असतात आणि त्याच्या माहितीपूर्ण, किंचित थकलेल्या आवाजावर त्या कादंबऱ्या उभ्या आहेत. तेंडुलकरांनी तो आवाज पार्श्वनिवेदनात, म्हणजे पडद्यामागून ऐकू येणाऱ्या भाष्यात, भरला नाही. दिगू टिपणीस या पत्रकाराच्या नजरेत तो मुरवला. पत्रकाराचा धंदाच पाहण्याचा आणि विचारण्याचा असल्याने दिगूचे सगळीकडे असणे खटकत नाही, आणि खलनायकी भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या निळू फुल्यांना या भूमिकेत घेतल्यामुळे त्या पाहण्यात भाबडेपणाही येत नाही. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि श्रीराम लागूंचा अर्थमंत्री यांच्या डावपेचांचा हिशेब शेवटी ज्याला लागत नाही तो हा सगळे जाणणारा माणूस, आणि त्याचे भान सुटणे हीच चित्रपटाची टिप्पणी ठरते. कादंबरीकाराला जे पानोपानी विखरून लिहावे लागले ते एका चेहऱ्यावर गोळा झाले. या सौद्यात ‘मुंबई दिनांक’मधील शहराचा पसारा बराच आखडला, मुंबई हे पात्र न राहता पार्श्वभूमी झाली, ही हानी मात्र मान्य करायला हवी.

शांता निसळ यांच्या ‘बेघर’चा ‘उंबरठा’ (१९८२) करताना पटेल-तेंडुलकर या जोडीने पुन्हा ‘कुंकू’ची युक्ती योजलेली दिसते. ‘बेघर’ हा शब्द नायिकेची अवस्था सांगून मोकळा होतो. ‘उंबरठा’ ही वस्तू आहे, तिच्या आत आणि बाहेर असे दोन्ही बाजूंना पाऊल टाकता येते, आणि सुलभा महाजनबद्दलचा निर्णय प्रेक्षकाकडे राहतो.

या सगळ्या यशांच्या शेजारी ‘बनगरवाडी’ ठेवून पाहिली म्हणजे प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर नेमणूक होऊन आलेला कोवळा मास्तर ती स्वतःच्या तोंडाने सांगतो. तिला रूढ अर्थाने कथानक नाही. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, एका बैलावर शेती करू पाहणारा शेकू अशी माणसे येतात, तालीम बांधली जाते, दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. अमोल पालेकरांचा १९९५ चा चित्रपट या रचनेशी विलक्षण इमान राखतो. माणदेशाचा उजाड विस्तार, मेंढरांची चाल आणि लोकांच्या बोलण्यातले अंतर त्यात जागच्या जागी आहे, आणि कथानकाचा खोटा कणा बसवण्याचा मोह पालेकरांनी टाळला हे त्यांच्या समजुतीचे लक्षण आहे. तरीही चित्रपट पाहताना मास्तर कोठेतरी रिकामा वाटतो, आणि हा चंद्रकांत कुलकर्णी यांच्या अभिनयाचा दोष नाही. कादंबरीतला मास्तर नुसता पाहत असला तरी निष्क्रिय नसतो, कारण प्रत्येक आखूड वाक्य तोच घडवत असतो. माडगूळकरांच्या गद्याची ती चित्रकाराची काटकसर हीच त्याची कृती आहे. पडद्यावर वाक्ये कॅमेऱ्याकडे जातात आणि पाहणारा माणूस केवळ उभा राहतो. दिगू टिपणीसला जे व्यवसायाने मिळाले ते या शिक्षकाला कशाने मिळावे, याचे उत्तर चित्रपटाला पुरते सापडलेले नाही. तरीही मराठीतील सभ्य आणि जाणत्या माध्यमांतरांत त्याची जागा वरची आहे.

लघुकथांच्या बाबतीत हा पेच सैल होतो, कारण तिथे काम छाटणीचे नसून भर घालण्याचे असते. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून तेंडुलकरांनी गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’ची (१९८३) पटकथा लिहिली, आणि शीर्षकासाठी दिलीप चित्रे यांची कविता कामी आली, चित्रपट हिंदी असला तरी त्याच्या घडणीचा मोठा भाग मराठी आहे. माधवी घारपुरे यांच्या कथेवरील ‘श्वास’मध्येही संदीप सावंत यांना आजोबा आणि नातू यांच्यामधली शांतता पसरू द्यायला जागा मिळाली. मराठी कथेचा एवढा साठा असताना निर्माते कादंबरीकडेच का धावतात, हे कोडेच आहे. बहुधा कादंबरीचे नाव जाहिरातीत अधिक वजनदार दिसते.

२०१० च्या सुमारास खरोखर नावाचेच वजन वाढलेले दिसते. रवी जाधव यांच्या ‘नटरंग’मध्ये आनंद यादवांच्या कादंबरीतील गुणा या नायकाचे दुःख अतुल कुलकर्णी यांच्या शरीरात उतरले, पैलवानी देहाचा नाच्या होताना दिसणे हे निवेदनाला पर्याय म्हणून थेट आणि प्रभावी आहे. परंतु अजय-अतुल यांच्या गाण्यांनी तमाशाचा इतका उत्सव केला की ज्या फडात गुणाची विटंबना होते त्याच फडावर प्रेक्षक शिट्ट्या वाजवून बाहेर पडला. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा आधार घेणारा राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (२००९) या बाबतीत अधिक सावध होता. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वरील २०१३ च्या चित्रपटाने गल्ला भरपूर जमवला, पण त्याने पडद्यावर आणली ती कादंबरीपेक्षा तिच्या वाचकांची तारुण्याची आठवण.

सुजय डहाके यांच्या ‘शाळा’ची अडचण भाषेची होती. मिलिंद बोकील यांची २००४ ची कादंबरी आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुकुंद जोशीच्या बोलीत चालते, आणि वर्गातल्या त्या सांकेतिक, चावट, मध्येच हळवी होणाऱ्या बोलीतच तिचे सगळे मर्म आहे. अविनाश देशपांडे यांच्या पटकथेला रूपांतराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मुलांकडून करून घेतलेला अभिनय अस्सल आहे, मात्र अर्धवट बांधलेल्या इमारतीतल्या ज्या लांबलचक, निरर्थक गप्पांतून मुकुंद आणि त्याच्या मित्रांची चौकडी वाचकाची होते त्या गप्पा चित्रपटात नमुन्यादाखल उरल्या. वर्गातल्या शिरोडकरबरोबरची प्रेमकथा पुढे आली आणि मुकुंदची चिकित्सक, स्वतःलाच हसणारी बुद्धी मागे पडली.

याच दिग्दर्शकाने २०२३ मध्ये ‘श्यामची आई’ पुन्हा केला, तोही कृष्णधवल, आणि ओम भूतकर यांच्या रूपाने प्रौढ साने गुरुजींनाच पडद्यावर आणले. सत्तर वर्षांनी सांगणारा माणूस असा सदेह परतला, ही पुस्तकाच्या घाटाला दिलेली दाद आहे. पण सांगणारा समोर दिसू लागला की प्रेक्षक त्याच्या डोळ्यांनी आईकडे पाहण्याऐवजी त्याच्याकडेच पाहतो, आणि आईच्या जागी गौरी देशपांडे यांना पाहताना त्याच्या मनात पुस्तकातली आई असण्यापेक्षा वनमालांची आई असण्याचाच संभव अधिक.